तटस्थ ॲडमिन आणि सुमनकाकूंची मिरची

चहा घ्या आणि ऐका. माझी फजिती सांगायची म्हणजे आधी माझी फुशारकी सांगावी लागते, कारण माझ्या बाबतीत या दोघी कधी एकट्या येत नाहीत. फुशारकी पुढे चालते आणि फजिती तिचं बोट धरून मागून येते.

तर फुशारकी अशी. आमच्या शिरपूर जैनपासून पार कारंजा तालुक्यातल्या कामरगावापर्यंत जेवढे म्हणून भाजीपाला पिकवणारे आहेत, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे आणि तो मी काढलेला आहे. मी म्हणजे स्नेहल. राज्यशास्त्रातली पदवी, वादविवाद स्पर्धेतल्या तीन ढाली आणि बाबांच्या मते वावरात अर्ध्या मजुराचं काम. ग्रुपवर वांगीवाले आहेत, टमाटेवाले आहेत, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात ते सांबारवाले आहेत. कोणत्या बाजारात काय भाव निघाला, कोणाच्या पिकावर कोणती अळी आली, कोणाची गाडी उद्या वाशिमला रिकामी चालली, सगळं तिथे कळतं. सकाळी फुलांची चित्रं पाठवायला बंदी आहे. देवाची पाठवली तरी मी काढून टाकते. देवसुद्धा काही बोलला नाही आजवर.

या ग्रुपची शान म्हणजे नियम क्रमांक एक: ॲडमिनने वैयक्तिक मत मांडू नये.

हा नियम मी उगीच नव्हता केला. याआधी मी दुसऱ्या एका ग्रुपवर होते. तिथला ॲडमिन औषधांचा दुकानदार होता. कोणी पिवळ्या पानाचा फोटो टाकला की त्याचं मत तयार. मतामागोमाग बाटलीचा फोटो, बाटलीमागोमाग दुकानाचा पत्ता. वांगं असो, कारलं असो, मत वेगळं पण बाटली तीच. तेव्हाच मी ठरवलं, आपला ग्रुप निघाला तर ॲडमिन म्हणजे तराजूचा काटा. तराजू कोणाचाही असो, काटा मधोमध.

बाबांना मी हे मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. बाबांकडे बटणाचा फोन आहे, ते ग्रुपवर नाहीत. ते म्हणाले, "काटा मधी राह्यते ते ठीक हाये. पण दोन्ही पारडी रिकामी असली तं मधी राहून काय करते तो?"

मी ऐकलं नाही. पदवीधर माणूस बापाचं कधी ऐकतो का?

आता सुमनकाकू. आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात. बारा-तेरा वर्षं काका-काकू दसरा झाला की ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात जायचे, ते पार उन्हाळ्यात परत यायचे. यंदा काकूंनी ठरवलं, बस झालं. घरामागच्या जागेत हिरवी जाळी बांधली आणि मिरचीची रोपवाटिका टाकली. पहिली खेप गावातच गेली. थोडी रोपं माझ्या बाबांनी नेली, थोडी वेशीकडच्या दिगूभाऊंनी. एकाच दिवशी, एकाच ओळीतले ट्रे. दुसरी खेप मोठी होती. तिच्यासाठी आसेगावाहून, कामरगावाहून मागणी आली होती, आणि ती मागणी कुठून आली? माझ्या ग्रुपवरून. मला केवढी धन्यता वाटली होती म्हणून सांगू. वाटलं, चला, आपल्या एका ग्रुपमुळे एका घरचा कोयता भिंतीला टांगला गेला.

मिरचीच्या रोपाचं एक असतं. पाच-सहा आठवड्यांची झाली की ती उचलावीच लागतात. आणखी आठवडाभर ट्रेमध्ये राहिली तर उंच वाढतात, मुळं एकमेकांत गुंततात, आणि मग ती लावायच्या कामाची राहत नाहीत. काकूंची दुसरी खेप अगदी उचलायला आली होती, आणि नेमका त्याच सकाळी दिगूभाऊंचा मेसेज आला.

फोटो होता. मिरचीचं रोप, शेंड्याची पानं मुठी आवळल्यासारखी आकसलेली. खाली लिहिलं होतं: "सुमनबाईच्या रोपाले बोकड्या आला. पूर्ण वावर गेलं. कोणी घेऊ नका."

बोकड्या म्हणजे मिरचीची पानं मुरडणारा रोग. मिरचीवाल्यांत हा शब्द नुसता उच्चारला तरी माणसं दोन पावलं मागे सरकतात.

पाच मिनिटांत काकूंचा आवाजातला मेसेज आला. "दिगूभाऊ, खोटं कायले बोलून राह्यले? माया रोपाले काई नाही. तेच रोप त्या स्नेहलच्या बाबाच्या वावरात हाये. तिलेच इचारा ना. ते तं ॲडमिन हाये."

झालं. सगळ्या ग्रुपची मान माझ्याकडे वळली.

"ॲडमिन ताई, तुमचं काय म्हणणं?"

"ताई, सांगा बरं, आमचे ट्रे बुक हायेत."

खरं सांगू? आमच्या वावरातली मिरची इतकी छान होती की बाबा जाता-येता तिच्याकडे पाहून मिशीवरून हात फिरवायचे. पण माझ्या डोळ्यांसमोर तो औषधवाला ॲडमिन उभा राहिला. वाटलं, हीच ती घडी. सुमनकाकू आपल्या गल्लीतल्या, ओळखीच्या. आपण त्यांची बाजू घेतली की आपण आणि तो बाटलीवाला सारखेच. मी ताठ बसले आणि लिहिलं:

"नियम क्रमांक एकनुसार ॲडमिनला या विषयावर कोणतेही वैयक्तिक मत नाही. सदस्यांनी चर्चा सुरू ठेवावी."

पाठवलं आणि मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी ते दोनदा वाचलं.

पण जरा विचार करा. ज्या मुलीच्या घरी ते रोप लावलेलं आहे, तिला विचारलं रोप कसं आहे, आणि ती म्हणते, मला मत नाही. तुम्ही काय समजाल?

कामरगावचे वसंतभाऊ, काकूंचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, त्यांनी तेच समजलं. त्यांनी लिहिलं, "पोरगी शेजारीण हाये, म्हणून तोंडानं वाईट बोलत नाही. समजून घ्या गा."

त्याखाली सगळ्यांनी हात जोडले. म्हणजे बोटांनी चित्रं पाठवून.

मी खवळले. लगेच खुलासा काढला: "ॲडमिनच्या मौनाचा कोणताही अर्थ काढू नये."

खुलाशाचा अर्थ असा निघाला की माझ्यावर दबाव आहे. कोणाचा दबाव, यावर दुपारपर्यंत तीन मतं पडली. एकाचं म्हणणं बियाणेवाल्यांचा, दुसऱ्याचं म्हणणं गावच्या पुढाऱ्यांचा. तिसऱ्याने लिहिलं, "बापाचा असन." त्याला सगळ्यात जास्त अंगठे मिळाले.

मग मी तिसरा खुलासा काढला, आधीच्या दोन खुलाशांचा खुलासा. आमच्या गल्लीतल्या एका मावशींनी मला रस्त्यात थांबवून विचारलं, "काय वं, मिरचीले एवढा मोठा रोग आला का? सकाळपासून तुयं निरं लिवणं चालू हाये."

आणि मग मी ती चाल खेळले, जी मला वाटलं की जगातल्या कोणत्याही मोठ्या नेत्याला सुचली नसती. चर्चा तापलेली पाहून मी ग्रुप एका दिवसासाठी बंद केला. सदस्यांना लिहिता येणार नाही, फक्त ॲडमिनला येईल. आणि ॲडमिन तर लिहिणारच नाही. संपूर्ण तटस्थता. माझ्या मते लोकशाहीच्या इतिहासात इतकी शुद्ध शांतता कधी झाली नसेल.

त्या शुद्ध शांततेत बातमी तोंडातोंडी फिरली. सकाळी शिरपुरात जे "दिगूभाऊच्या वावरात बोकड्या" होतं, ते जीपमधून आसेगावला पोचेपर्यंत "शिरपूरच्या मिरचीवर नवा रोग" झालं होतं, आणि कामरगावात पोचलं ते असं: "एवढं भयंकर हाये का ग्रुपच बंद करून टाकला."

दुसऱ्या दिवशी काकूंची सगळी मागणी रद्द झाली. गिऱ्हाईक असलेला एकही ट्रे उरला नाही.

त्या दुपारी काकू आमच्या घरी आल्या. मला वाटलं, भांडायला आल्या. मी मनातल्या मनात मुद्दे जुळवून ठेवले होते. पण काकू ओट्यावर बसल्या, पाणी मागितलं, ते पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "मुकादमाचा निरोप आला, बाई. दसऱ्याले गाडी हाये. नावं लिवू का म्हणते."

"काकू, तुम्ही तर यंदा जाणार नव्हता."

"नोतीच जाणार. आता रोपं आठ दिवसांत म्हतारी होतील. मंग इथं बसून काय जाळीले हवा घालू?"

मी म्हटलं, "काकू, मला खूप वाईट वाटतं. पण तुम्ही समजून घ्या. ॲडमिनच्या खुर्चीवर बसलं की वैयक्तिक मत बाजूला ठेवावं लागतं. मी तुमच्या बाजूने मत दिलं असतं तर उद्या कोणीही..."

"थांब वं जरा." काकूंनी पदराने तोंड पुसलं. "मले एक सांग. तुया वावरात मायी मिरची हाये का नाही?"

"आहे."

"उभी हाये का वाकडी?"

"उभी आहे."

"पानं?"

"चांगली आहेत."

"हे तुयं मत हाये काय?"

तीन ढाली आठवल्या. एकही कामाला आली नाही.

"म्या कदी म्हणलं का मायी बाजू घे म्हणून?" काकू म्हणाल्या. "मायी मिरची चांगली का वाईट, ते लोकं ठरवतील. तुले दिसते काय, तेवढंच सांगाचं होतं. डोळ्यानं पाहून राह्यली अन् म्हणते, मले मत नाही. कालेजात डोये बांधून बसवत होते काय तुले?"

बाबा खाटेवर बसून हे ऐकत होते. त्यांनी मिशीवरून हात फिरवला, आणि तो या वेळी मिरचीसाठी नव्हता.

आता मी तशी चुकणारी असेन, पण आळशी नाही. चूक कळली की सुधारायची घाई मला चूक करण्याइतकीच असते. मी तिथल्या तिथे ग्रुप उघडला आणि लिहिलं: "उद्या सकाळी दोन वावरं दाखवते. एक आमचं, एक दिगूभाऊंचं. रोप एकाच दिवसाचं, एकाच घरचं. ज्यांना शंका आहे त्यांनी डोळ्यांनी पाहावं. ॲडमिन रस्ता दाखवेल, मत देणार नाही."

शेवटचं वाक्य काढायला जीव होईना.

सकाळी पंधरा-वीस माणसं जमली. वसंतभाऊ कामरगावाहून पहिल्या बसने निघून आले होते. आसेगावचे दोघे आले. दिगूभाऊ लांब उभे होते, हाताची घडी घालून. काकू आल्या होत्या, पण कोणाशी बोलत नव्हत्या.

आधी आमचं वावर. मिरची गुडघ्याखाली, हिरवीगार, हाताने दाबलं की परत उभी राहणारी. वसंतभाऊ वाकून वाकून पानं उलटून पाहत होते. "मस्त हाये ना बाप्पा," म्हणाले. "हे तिच्याच घरचं रोप?"

"तिच्याच," बाबा म्हणाले.

माझी छाती अशी फुगली की जणू मिरचीला मीच जन्म दिला.

मग दिगूभाऊंचं वावर. फोटोत दिसत होतं त्यापेक्षा वाईट होतं. शेंडे मुरडलेले, नवी पानं बारीक होऊन दोरीसारखी लोंबत होती. दिगूभाऊंचा चेहरा पाहवत नव्हता. आपण ज्याला ग्रुपवर वाद म्हणत होतो ते त्या माणसाचं अख्खं पीक होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

वसंतभाऊ बांधावर बसले. मिरचीत केस पांढरे झालेला माणूस. एक शेंडा तोडून त्यांनी तळहातावर पसरला आणि बराच वेळ पाहिला.

"हा बोकड्या नाही," ते म्हणाले.

"मंग काय हाये?" दिगूभाऊ पुढे आले.

"बोकड्या सगळ्या वावराले एकदम येत नाही, भाऊ. इकडून तिकडे सरकते. तुयं तं एका मापात गेलं, ओळीनं. फवारलं व्हतं काय?"

"फवारलं ना. लावल्यावर आठ दिसानं. साधं टॉनिक. वाढीचं."

"टॉनिकानं असं होत नाही. हे तणनाशकाचं काम हाये. आमच्याकडे कपाशीवर असंच होते, तणनाशकाच्या पंपानं फवारलं का. तुया पंपात तणनाशक व्हतं काय आधी?"

"माया पंप बंद हाये दोन महिने झाले," दिगूभाऊ म्हणाले. "म्या मांगून आणला व्हता."

"कोणाचा?"

दिगूभाऊंनी बाबांकडे बोट केलं. "यायचा. जुना, निळा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

मित्रहो, माणसाच्या आयुष्यात असा एक क्षण येतो जेव्हा त्याला स्वतःचाच गेल्या महिन्यातला एक दिवस स्वच्छ दिसायला लागतो. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, गाजरगवत माजलं होतं. बाबा म्हणाले होते, तणनाशक मार, आणि मारून झाल्यावर पंप तीनदा धुऊन ठेवजो. मी मारलं. उरलेलं ओतून दिलं. पंप धुवायला नळीखाली धरणार, तोच ग्रुपवर दोघांचं सांबाराच्या भावावरून जुंपलं. मी ॲडमिन. जबाबदार माणूस. पंप तसाच भिंतीला टेकवला आणि दोघांना सभ्यतेवर एक लांबलचक मेसेज लिहायला बसले. मेसेज फार छान झाला होता. पंप मात्र राहिला.

आणि दिगूभाऊ आले तेव्हा बाबांनी भोळेपणाने तो देऊन टाकला. आमच्या मिरचीला फवारणीच झाली नव्हती, म्हणून ती वाचली.

आता खरी गंमत ऐका. हे फक्त मला माहीत होतं. बाबांना शंका होती, पण त्यांनी पंप धुताना मला पाहिलं नव्हतं आणि न धुतानाही पाहिलं नव्हतं. मी गप्प बसले असते तर काय झालं असतं? काकूंची मिरची तर आता सुटलीच होती. पंप जुना, गळका, कुठून काय आलं कोणास ठाऊक. त्या एका मिनिटात नियम क्रमांक एक मला इतका मायाळू वाटला की काय सांगू. ॲडमिनने वैयक्तिक काही बोलू नये. किती थोर विचार, आणि तो मीच केलेला.

पण समोर काकू उभ्या होत्या. आणि त्या माझ्याकडे अशा पाहत होत्या, जणू विचारत होत्या, दिसते काय तुले, तेवढं सांग.

"पंप मी धुतला नव्हता," मी म्हटलं. "त्यात तणनाशक होतं. मीच मारलं होतं धुऱ्यावर."

बांधावरच्या बोरीवर एक साळुंकी तेवढी बडबडत होती, ती बहुतेक ग्रुपवर नसावी.

पहिले वसंतभाऊ हसले. आधी नाकातून, मग पोटातून. "म्हणजे," ते म्हणाले, "निवाडा करणारी पोरगी तटस्थ व्हती, फक्त जहर तिचं व्हतं."

मग सगळेच हसले. दिगूभाऊ मात्र हसले नाहीत. ते काकूंसमोर जाऊन उभे राहिले. "वहिनी, म्या उगाच नाव घेतलं तुमचं."

"जाऊ द्या," काकू म्हणाल्या. "तुमचं तं वावर गेलं. मायी तं नुसती झोप गेली."

तिथेच ठरलं. दिगूभाऊंच्या वावरात नवी रोपं आम्ही लावून द्यायची, आणि आम्ही म्हणजे मुख्यतः मी. वसंतभाऊंनी आपले ट्रे परत लिहायला सांगितले आणि वर चार जास्त. आसेगावकरांनीही सांगितले. काकूंनी फोन काढून मुकादमाला तिथूनच कळवलं, "नाव नोका लिवू. यंदा आमी नाही." आवाज अगदी साधा होता. पण फोन ठेवल्यावर त्या जरा वेळ पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, आणि आम्ही सगळ्यांनी मिरचीकडे पाहण्याचं काम काढलं.

घरी येऊन मी ग्रुपवर लिहिलं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात लहान मेसेज: "दिगूभाऊंची मिरची सुमनकाकूंच्या रोपाने नाही, माझ्या न धुतलेल्या पंपाने गेली. स्नेहल." वर पिन करून ठेवला, म्हणजे ग्रुप उघडला की आधी तोच दिसेल. तुम्ही म्हणाल, एवढी लाज कशाला मिरवायची? पण मला सांगा, दुसऱ्या कोणत्या ग्रुपच्या ॲडमिनने असा मेसेज पिन केलाय? दाखवा. मला त्याचा ढालींपेक्षा जास्त अभिमान आहे.

नियम क्रमांक एकही बदलला. आता तो असा आहे: ॲडमिनने काय पाहिलं ते सांगावं; काय वाटतं ते विचारलं तर सांगावं, आणि आपलं त्यात काय गुंतलं आहे ते आधी सांगावं. यावर मी मतं मागवली. दिगूभाऊंच्या वावरात दोन दिवस वाकून रोपं लावत असल्यामुळे उत्तरं वाचायला मला उशीरच झाला.

सगळ्यांनी नियम मान्य केला होता. आसेगावच्या एका नव्या सदस्याने तेवढं विचारलं होतं, "या ॲडमिन ताईचं मत घ्यावं का नाही?"

खाली दिगूभाऊंचं उत्तर होतं. "मत बिनधास्त घ्या. पंप घेऊ नका."